सही करण्याआधी उचलीची वही उघडा

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. बेळगावात तुमचा बागकामाचा छोटा व्यवसाय आहे. कायमची आणि रोजंदारीची मिळून पंधराएक माणसं. टिळकवाडी-कॅम्पातले बंगले, उद्यमबागेतल्या दोन-तीन कारखान्यांची हिरवळ, दोन फार्महाऊसं आणि पावसाळा सरला की गोव्यातल्या एका रिसॉर्टचं काम. यातल्या एका कारखान्याचे सुटे भाग ब्रिटनला जातात. त्यांनी चार पानांचा फॉर्म पाठवलाय आणि 'आमच्याकडे किंवा आमच्या पुरवठादारांकडे आधुनिक गुलामगिरी नाही' असं सही-शिक्क्यानिशी लिहून मागितलंय. तुम्ही विचारता, आपल्यासारख्या लहान माणसाचा याच्याशी काय संबंध? आणि आपण मुकादमामार्फत उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, देतो, ती यात येते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिलं त्यातच आहे. येऊ शकते. म्हणून आज सही करू नका. कारखान्याला कळवा की पंधरा दिवसांत तपासून देतो. असं कळवल्यानं कोणी काम काढून घेत नाही. उलट आल्या दिवशी सही करून पाठवणाऱ्यानं काही तपासलं नाही, हे मागणाऱ्यालाही कळतं.

फॉर्म कुठून आला ते थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये २०१५ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला. वर्षाला ३.६ कोटी पौंडांच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीत जबरदस्तीची मजुरी राहू नये म्हणून काय केलं, ते दरवर्षी जाहीर करावं असं त्यात आहे. ती कंपनी तुमच्या कारखान्याला विचारते, कारखाना तुम्हाला विचारतो. आपल्याकडेही सेबीनं मोठ्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून असाच अहवाल सक्तीचा केलाय, तेव्हा हे प्रश्न पुढं वाढतच जाणार. पण हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे असं समजू नका. आपल्या राज्यघटनेच्या २३व्या कलमानं वेठबिगारीला पहिल्यापासून बंदी आहे. वेठबिगारी रद्द करणारा अध्यादेश २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू झाला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. ब्रिटिश कायद्यातलं हे कंपन्यांसाठीचं कलम फक्त जाहीर करा म्हणतं. आपला कायदा तीन वर्षांपर्यंत तुरुंगात घालतो.

या कायद्यातली व्याख्या नीट समजून घ्या, कारण नव्वद टक्के लोकांच्या डोक्यात वेठबिगार म्हणजे साखळदंड किंवा जुन्या काळचा सालगडी एवढंच चित्र असतं. कायदा म्हणतो की उचल किंवा कर्ज दिलं आणि त्याच्या बदल्यात पुढच्या चारपैकी एक जरी गोष्ट झाली की ती वेठबिगारी. माणसानं बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर राबणं. त्याला दुसरीकडे काम धरायची मोकळीक नसणं. हवं तिथं जायची-यायची मोकळीक नसणं. किंवा आपला माल, आपले श्रम बाजारभावानं विकायचा हक्क नसणं. चारही लागत नाहीत, एक पुरे. मारहाण लागत नाही, कुलूप लागत नाही. 'आधी पैसे फेड, मग दुसरीकडे जा' हे वाक्य लागतं, आणि ते आपल्या भागात रोज कुठं ना कुठं बोललं जातं.

सर्वोच्च न्यायालयानं यात आणखी दोन गोष्टी घातल्या. दिल्लीत एशियाडच्या, म्हणजे आशियाई खेळांच्या, बांधकामांवर राबणाऱ्या मजुरांच्या १९८२ च्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांवर काम करायला लागणं ही घटनेच्या २३व्या कलमाखालची सक्तीची मजुरी आहे, कारण पोटाची भूक हीसुद्धा सक्तीच. पुढं बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेच्या खटल्यात, तो हरियाणातल्या दगडखाणींचा होता, न्यायालय म्हणालं की माणूस सक्तीनं राबतोय असं दिसलं तर त्यामागं उचल आहे असं गृहीत धरायचं, नसेल तर मालकानं सिद्ध करावं. म्हणजे तुमच्यावर बोट आलं तर 'कागद नाही, म्हणून कर्ज नाही' ही पळवाट नाही. कागद नसणं तुमच्याच विरुद्ध जातं.

आता तुमच्या घरात येऊ. तुमच्याकडे एक मुकादम आहे, तो सहा-सात बायका आणि चार गडी आणतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाला दवाखाना लागला, की मुकादम तुमच्याकडे येतो, 'पन्नास हजार द्या, टोळी बांधून ठेवतो' म्हणतो, तुम्ही देता आणि वहीत मुकादमाच्या नावावर लिहिता. तुमच्या लेखी हा मुकादमाला दिलेला ॲडव्हान्स. टोळीतल्या बाईच्या लेखी मात्र ती बांधली गेली. तिला पन्नास हजारांतले किती मिळाले, तुम्हाला ठाऊक नाही. मुकादमानं तिला पाच हजार दिले आणि वहीत आठ हजार लिहिले, तरी ते तुम्हाला कळायचा रस्ताच नाही. तिनं तुमच्या शेजारच्या नर्सरीत पन्नास रुपये जास्त मिळतात म्हणून जायचं ठरवलं तर मुकादम तिला अडवतो, आणि तो अडवतो तुमच्या पैशांच्या जोरावर.

या धंद्यातली गुलामगिरी बहुतेक वेळा याच वाटेनं आत येते. मालक वाईट असतो म्हणून नव्हे. त्याचे पैसे आणि मजूर यांच्यामध्ये एक वही असते आणि ती त्यानं कधी उघडून पाहिलेली नसते. म्हणून पहिलं काम: मुकादमाकडून उचलीची वही मागवा. तो नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर. दिली तर प्रत्येक बाईला आणि गड्याला मुकादम समोर नसताना एकेकटं विचारा, 'तुझ्यावर किती बाकी आहे?' बायकांना बाईनं विचारलेलं बरं. भांगलण चालू असताना शेजारी बसून विचारलं की त्या बोलतात, ऑफिसात खुर्चीवर बसवून विचारलं की मान हलवतात. वहीतला आकडा आणि त्यांच्या तोंडचा आकडा जुळतो का पाहा. काहींना आपल्यावर किती बाकी आहे हेच माहीत नसेल. तो सर्वांत धोक्याचा प्रकार, कारण ज्याला आकडा माहीत नाही त्याची बाकी कधी फिटत नाही.

मग उचल बंदच करायची का? नाही. काही सल्लागार येतात आणि 'ॲडव्हान्स पॉलिसी: शून्य' लिहून देतात. त्यांनी कधी हजेरीवरच्या माणसाच्या घरी दवाखान्याचं बिल आलेलं पाहिलेलं नाही. तुम्ही दिलं नाही तर ती बाई खासगी सावकाराकडे जाईल, महिन्याला शेकडा पाच-दहाचं व्याज भरेल आणि तिथं बांधली जाईल. उचल द्या, पण थेट तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात, तिच्याच नावानं, बिनव्याजी. माझा हिशेब असा की एका महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त देऊ नये. कपात आधी ठरवायची आणि लहान ठेवायची. कायद्यानं सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत, पण निम्मा पगार कापला तर ती पुन्हा उचल मागणारच, म्हणून दहा-पंधरा टक्क्यांवर थांबा. आणि चिठ्ठीवर एक ओळ तिच्या भाषेत लिहाच: 'बाकी असली तरी काम कधीही सोडता येईल. बाकीसाठी काम करायची सक्ती नाही.' त्या ओळीखाली तुमची सही असावी, तिची नव्हे. ती चार पैसे बुडवून गेली तर? जाईल कधी कधी. ते धंद्याचं नुकसान म्हणून सोसायचं, जसं कधी कधी दुपारच्या उन्हात वाळून गेलेलं लॉन सोसतो.

मुकादमाला काढून टाका असं मी म्हणत नाही. माणसं गोळा करणं, गाडी ठरवणं, कोण आजारी आहे त्याची खबर ठेवणं ही खरी कामं आहेत. त्याचा मेहनताना वेगळा ठरवा आणि तुमच्या खिशातून द्या. माणशी कमिशन मजुराच्या पगारातून कापलं जात असेल तर ते आजपासून बंद. आणि हे लक्षात ठेवा, ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. जुन्या ठेका कामगार कायद्यात हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही आहे. 'मी मुकादमाला दिले होते' हे उत्तर चालत नाही.

पगार बँकेत जमा करतो म्हणून निश्चिंत असाल, तर एकदा एटीएम कार्डं कुणाच्या खिशात आहेत ते पाहा. मी अशा टोळ्या पाहिल्यात जिथं दहा कार्डं मुकादमाच्या पाकिटात, मागं पिन लिहिलेली. किंवा सगळ्यांचा पगार एकाच फोन नंबरवर जातो, तो वाटतो म्हणे. आधार कार्डाचंही तेच. कागदपत्रांची झेरॉक्स ठेवा, मूळ प्रत एक तासही ठेवू नका. किमान वेतन किती, हे मी इथं आकड्यानं सांगत नाही, कारण कर्नाटकात ते कामाचा वर्ग आणि भाग यांनुसार वेगळं असतं आणि महागाई भत्ता दर १ एप्रिलला बदलतो. तुमचं काम कुठल्या वर्गात बसतं ते कामगार खात्याला लेखी विचारा आणि लेखी उत्तर फाईलला लावा.

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथंच थांबले. 'दोन फार्महाऊसांवर आमचं जोडपं राहतं.' या धंद्यात सर्वांत जास्त लपलेली वेठबिगारी याच जोडप्यात सापडते. नवरा माळी-कम-वॉचमन म्हणून पगारी. बायको झाडलोट करते, पाणी सोडते, शनिवार-रविवारी मालकाची पाहुणेमंडळी आली की स्वयंपाक करते, भांडी घासते, आणि तिचं नाव कुठल्याच हजेरीवर नाही. 'राहायला खोली दिली आहे की' हे त्याचं समर्थन. खोली म्हणजे पंपाशेजारची पत्र्याची शेड. दोघांनी एकाच वेळी गावी जायचं नाही, कारण राखणीला कोण? मूल असलं तर शाळा चार किलोमीटरवर. त्यात आजूबाजूला त्यांच्या भाषेचं कुणी नसतं, कारण मालकांना झारखंड-ओडिशाकडचं जोडपं आवडतं, 'गावात मिसळत नाहीत, चोऱ्या होत नाहीत' म्हणून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सक्तीच्या मजुरीची जी अकरा लक्षणं सांगितली आहेत, त्यांत एकटं पाडणं, हिंडण्याफिरण्यावर बंधन, अति कामाचे तास, राहण्याची वाईट अवस्था ही सगळी वेगवेगळी लक्षणं आहेत. अशा फार्महाऊसवर ती चारही एकाच शेडखाली दिसतात. त्यावर थोडी उचल पडली की वर सांगितलेल्या व्याख्येत प्रकरण बसलंच.

जोडपं तुमचं आहे, फार्महाऊस दुसऱ्याचं. मालक म्हणेल, 'तुमची माणसं, तुमचं तुम्ही बघा.' खरं आहे, म्हणून बघा. बायकोचं नाव हजेरीवर आणि पगार तिच्या खात्यात. आठवड्याची सुट्टी, आणि त्या दिवशी राखणीला बदली माणूस, त्याचा रोज फार्महाऊसच्या बिलात वेगळा लावायचा. स्वयंपाक-भांडी हे बागकामाच्या कंत्राटात नाही, हे मालकाला लेखी कळवा. एक साधा फोन दोघांपैकी प्रत्येकाकडे असावा. आणि महिन्यातून एकदा तुम्ही जा, मालक नसताना. मालक नाराज होईल, एखादं काम जाईल. मला विचाराल तर या एका बाबतीत काम गेलं तरी चालेल. त्या फार्महाऊसवर काही झालं तर ते जोडपं कुणाच्या हजेरीवर होतं हे पोलीस आधी विचारतात, आणि ती हजेरी तुमची असते.

सीमाभागाची म्हणून एक गंमत आहे, तीही सांगते. चंदगडहून रोज किंवा आठवड्याला येणारी बाई कायद्याच्या भाषेत परराज्यातली, आणि रायचूरहून रात्रभर प्रवास करून आलेला गडी घरचा. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण मजुराला ती रेषा केव्हाच लागू झाली. नव्या व्यवसाय-सुरक्षा संहितेत दहा किंवा जास्त आंतरराज्य स्थलांतरित कामगार असले की मालकावर जादा जबाबदाऱ्या येतात, त्यांत वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचा भत्ताही आहे. तुमच्याकडे चंदगड-आजऱ्याची किती, ओडिशाची किती, ते मोजा. आणि हिवाळ्यात तुम्ही बेळगावची टोळी घेऊन चोर्ला घाट उतरता, तेव्हा गोव्यात तुम्हीच तो परराज्यातून माणसं आणणारा ठेकेदार असता. रिसॉर्टच्या मागच्या बाजूला कंटेनरमध्ये दहा जण झोपलेत, गाडी पंधरा दिवसांनीच परत जाणार, घाट चढून जायला कुणाकडे पैसे नाहीत, असं चित्र असेल तर ते तुमच्या फॉर्मवरचं उत्तर आहे. निदान परतीच्या बसचे पैसे पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात द्या. ही माझी फार जुनी सवय आहे. ज्याच्या खिशात परतीचं भाडं आहे त्याला कुणी बांधून ठेवू शकत नाही.

रेशनचा मुद्दाही इथंच. एक देश एक रेशनकार्डमुळे बाहेरच्या राज्यातल्या माणसाला इथल्या दुकानात धान्य मिळू शकतं. तेवढं करून दिलं की मुकादमाच्या ओळखीच्या किराणा दुकानातलं खातं बंद होतं. ते खातं म्हणजे दुसरी उचलच.

आता पुरवठादार. इथं तुमची ताकद कमी आहे हे मान्य करून सुरुवात करू. वर्षाला तीन ट्रक विटा घेणाऱ्याचं भट्टीवाला ऐकत नाही. म्हणून सगळ्यांना फॉर्म वाटत बसू नका. जिथं हात पुष्कळ लागतात आणि ते हात तुम्हाला दिसत नाहीत, तिथंच लक्ष द्या.

वीटभट्टी सर्वांत वर. झाडांची आळी, वाफ्यांच्या कडा, पायवाटा, यांसाठी तुम्ही विटा घेता. दिवाळीनंतर भट्ट्या लागतात, पाऊस येईपर्यंत चालतात. कुटुंबच्या कुटुंब उचल घेऊन येतं, मजुरी हजारी विटांवर, आणि वहीत नाव फक्त बाप्याचं. आई, पोरं कुणाच्या खात्यात नाहीत. भट्टीवर जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी अकराच्या सुमाराला, न सांगता. त्या वेळी सहा ते चौदा वर्षांची मुलं कुठं आहेत, एवढंच बघा. शाळेत नसतील तर उरलेली चौकशी आपोआप होते. मग एखाद्या कुटुंबाला विचारा, आठवड्याला खर्ची, म्हणजे खर्चापुरते पैसे, किती मिळते, हिशेब कधी होतो? 'हंगाम संपल्यावर' असं उत्तर आलं तर ते कुटुंब पावसाआधी कुठंच जाऊ शकत नाही, हे समजा. बांधकामाच्या ठिकाणच्या जुन्या विटा, सिमेंटच्या कडा किंवा कारखान्यात पगारी माणसं लावून तयार होणारे ब्लॉक हे पर्याय आहेत. बागेत त्यांनी फारसं बिघडत नाही.

त्याला लागूनच आणखी एक सावधगिरी. उसाच्या हंगामात आपल्या कारखान्यांवर बीडकडून टोळ्या येतात, जोडीला 'कोयता' म्हणतात, उचल मुकादमामार्फत. हंगाम संपतो तेव्हा काहींची बाकी फिटलेली नसते, ती पुढच्या वर्षावर ओढली जाते, किंवा फेडायला टोळीला दुसऱ्या कामावर धाडलं जातं. एप्रिल-मे हा आपला खड्डे काढायचा, चर मारायचा हंगाम. त्या दिवसांत कुणी नेहमीच्या दरापेक्षा फार कमी दरात वीस माणसं आणून देतो म्हणाला, तर ती माणसं कुणाचं कर्ज फेडताहेत, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

रोपवाटिका दुसऱ्या नंबरवर. मोठ्या शोभेच्या झाडांचे ट्रक आंध्रातल्या कडियमहून येतात, तिथपर्यंत तुम्ही पोचणार नाही. पण बेळगाव-गोकाक पट्ट्यातल्या ज्या नर्सरीतून तुम्ही हजारांनी हंगामी फुलझाडं उचलता, तिथं जाऊन पिशव्या कोण भरतं ते बघा. पिशव्या भरण्याची मजुरी हजारी असते. समजा हजार पिशव्यांना तीनशे रुपये ठरलेत आणि एकटी बाई उन्हात दिवसाला सातशे भरते, तर दिवसाचे झाले दोनशे दहा. यात किमान वेतन बसत नाही, म्हणून ती संध्याकाळी पोरीला मदतीला बसवते. दराची ही बेरीज तुम्ही तिथल्या तिथं करू शकता. नर्सरीवाल्याला बोलायचं असेल तर या आकड्यांवर बोला, गुलामगिरी हा शब्द काढलात की तो चहा पाजून वाटेला लावेल. कीटकनाशक मारायला अठराच्या आतलं पोर असेल तर मात्र ताबडतोब बोला. चौदाच्या आतल्यांना कामाला लावायलाच बंदी आहे, घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत केली तेवढं सोडून. चौदा ते अठरांना धोक्याच्या कामात बंदी आहे.

शहाबादी फरशी, गोटे, खाणीचा दगड यांच्याबाबतीत व्यापाऱ्याकडून खाणीचं नाव आणि सरकारी परवान्याची प्रत मागा. देत नसेल तर दुसरा व्यापारी. खानापूरच्या कुंभारांकडून थेट कुंड्या घेता त्यात मला चिंता वाटत नाही, कारागीर समोर असतो आणि भाव तोच ठरवतो. कोकोपीट, खतं, अवजारं यांच्यामागं आत्ता लागू नका.

तपासात खरंच काही सापडलं तर काय? दोन गोष्टी करू नका. मुकादमाला किंवा भट्टीवाल्याला आधी कळवू नका, रातोरात माणसं हलवली जातात. आणि आपणच बाकी भरून माणसं सोडवून आणू नका. भावनेनं हे बरोबर वाटतं, पण त्यात त्यांचा हक्क बुडतो. कायद्यानं ते कर्ज रद्दच आहे, ते वसूल करणं हाच गुन्हा, त्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कुणी भरण्याचा प्रश्नच येत नाही. अर्ज द्यायचा तो प्रांताला, म्हणजे एसी (असिस्टंट कमिशनर) साहेबांना, किंवा डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, चिक्कोडी आणि बैलहोंगल असे तीन उपविभाग आहेत. प्रकरण ज्या तालुक्यातलं, त्याच्या उपविभागाच्या एसींकडे जायचं. निपाणीचं चिक्कोडीला. जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असावी असं कायदाच सांगतो, अर्जात तिचा उल्लेख करा. चौकशीनंतर मुक्ततेचा दाखला मिळतो आणि सगळं त्या दाखल्यावर अवलंबून आहे. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत तीस हजारांपर्यंत आहे. पुढं पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, फार गंभीर प्रकरणात तीन लाख, पण ही मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली असते. दाखला नसेल तर यातलं काहीच नाही. मूल दिसलं तर १०९८, मोफत वकील हवा तर १५१००. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, सोबत मजुराच्या भाषेतली प्रत जोडा. मराठी अर्ज पडून राहिला म्हणून तक्रार करण्यात आपले दोन महिने जातील आणि ते कुटुंब तोवर भट्टीवरच असेल.

प्रकरण तुमच्याच टोळीतलं असेल तर वकिलाला भेटा, पण त्याआधी त्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगा की बाकी माफ, काम सोडायचं त्यानं सोडावं, आणि थकलेली मजुरी चुकती करा. हे अडवून ठेवणारा कुठलाही कायदेशीर सल्ला ऐकू नका.

आता फॉर्म. 'आमच्याकडे कुठल्याही स्वरूपाची गुलामगिरी नाही' या वाक्यावर पुरवठादारांसकट सही करू नका. ते तुम्हाला ठाऊक असणं शक्यच नाही. त्याऐवजी सोबत एक पानाचं पत्र जोडा. उचल आता कशी देतो, पगार कुणाच्या हातात जातो, फार्महाऊसच्या बायकोचं नाव हजेरीवर कधीपासून आलं, कुठल्या भट्टीवर गेलो आणि काय दिसलं, कुठला पुरवठादार अजून पाहिलेला नाही. जे पाहिलं नाही तेही लिहा. असं पत्र वाचणाऱ्या खरेदी अधिकाऱ्याला पहिल्यांदा बुचकळ्यात पडल्यासारखं होतं, पण ब्रिटनमधून तपासायला कुणी आलंच तर हेच पत्र उपयोगी पडतं, कोरा होकार नाही.

आणि त्याच पत्रात शेवटी तुमचंही एक मागणं घाला. हा कारखाना तुमचं बिल नव्वद दिवसांनी देतो, असं तुम्हीच लिहिलंय. तुमचे पैसे तीन महिने अडकतात, म्हणून तुम्ही मुकादमाला हप्त्यांनी देता, म्हणून मुकादम सावकाराकडून उचलतो आणि तो भार टोळीवर टाकतो. त्या चार पानांत यावर एकही प्रश्न नाही. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर आधी करून घ्या. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानं तुमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायलाच लागतं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजासकट. व्याज मागू नका, संबंध बिघडतील. फक्त लिहा की बिल ४५ दिवसांत मिळालं तर आम्ही मजुरांना दर आठवड्याला, थेट खात्यात, पूर्ण पगार देण्याची लेखी हमी देतो. ते पत्र एचआरच्या नावानं पाठवू नका, अकाउंट्सच्या प्रमुखाला पाठवा आणि पोच घ्या.